यंत्राने काढलेले प्रश्न, यंत्राने जुळवलेला पेपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटक चाचणी जवळ आली की शिक्षकखोलीत, व्हॉट्सॲपवर आणि तालुक्याच्या प्रशिक्षणात मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि गेली काही वर्षे प्रश्नांचे साचे बनवून त्यांतून चाचण्या काढते. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. उदाहरणे गणिताची जास्त आहेत, कारण माझा हात तिथे बसलेला आहे.

प्रश्न “आपोआप” तयार होतात म्हणजे नेमके काय होते?

यात दोन वेगळी कामे आहेत आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात.

पहिले काम प्रश्न तयार करण्याचे. तुम्ही एक साचा लिहिता : न बदलणारे वाक्य, त्यातल्या रिकाम्या जागा, त्या जागांत काय काय बसू शकते, उत्तर काढण्याचे सूत्र आणि चुकीचे पर्याय कसे काढायचे याची रीत. यंत्र, म्हणजे संगणक, त्या जागा भरून हवे तितके प्रश्न काढून देते, प्रत्येकाच्या उत्तरासकट.

दुसरे काम पेपर जुळवण्याचे. बी.एड.ला आपण सगळ्यांनी संविधान तक्ता केलेला आहे : कोणत्या घटकाला किती गुण, ज्ञान-आकलन-उपयोजन-कौशल्य यांना किती भारांश, वस्तुनिष्ठ किती, दीर्घोत्तरी किती. हाताने पेपर काढताना हा तक्ता बऱ्याचदा पेपर झाल्यावर मागून भरला जातो. यंत्राला मात्र तो आधी द्यावा लागतो. तक्ता हाच त्याला दिलेला हुकूम असतो आणि प्रश्नपेढीतून त्या हुकुमात बसणारे प्रश्न ते निवडते.

दोन्ही कामे स्वतंत्रपणे करता येतात. साचे न वापरता, हाताने लिहिलेल्या पेढीतूनही पेपर यंत्राने जुळवता येतो. सुरुवात कुठून करू असे विचाराल तर मी साच्यापासून सांगेन.

हे एआय आल्यावर सुरू झाले का?

नाही. चाचणीचे प्रश्न ठरावीक नियमांनी तयार करता येतील, असा विचार जॉन बोरमुथ या अमेरिकन संशोधकाने १९७० मध्ये मांडला होता. रोचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकातच वेबवर्क या प्रणालीने प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या आकड्यांचा गृहपाठ मिळू लागला. वैद्यकीय परीक्षांत तर साचे फार पुढे गेले. कॅनडातले मार्क गिअर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये शस्त्रक्रियेच्या विषयावरच्या एकाच विचार-आराखड्यातून (प्रश्न सोडवताना कसा विचार करावा लागतो याच्या मांडणीतून) १,२४८ बहुपर्यायी प्रश्न काढून दाखवले. पेपर जुळवण्याचे गणितही १९८० च्या दशकापासून आहे. नेदरलँड्सच्या विम व्हॅन डर लिंडेन यांनी २००५ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर शाळाशाळांतून याची चौकशी सुरू झाली, एवढेच.

एक साचा पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवाल का?

नफा-तोटा घेऊ. साधा दिसतो, पण मला सगळ्यात जास्त यानेच शिकवले.

“एका दुकानदाराने [वस्तू] [क] रुपयांना घेतली व [ख] रुपयांना विकली, तर शेकडा नफा किती?”

समजा क = ८००, ख = १०००. नफा २०० रुपये, शेकडा नफा २५. आता चुकीचे पर्याय. मुले तीन चुका हमखास करतात. नफा खरेदीवर काढायच्या ऐवजी विक्रीवर काढतात, तर येतात २०. नफा न काढता विक्रीलाच खरेदीने भागतात, तर येतात १२५. आणि रुपयांतला नफाच उत्तर म्हणून लिहितात, तर २००. पर्याय झाले : २०, २५, १२५, २००. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी चूक उभी आहे.

हा साचा लिहून मी खूश झाले आणि यंत्राला शंभर प्रश्न काढायला सांगितले. चाचणीच्या दिवशी सहावीतली एक मुलगी हात वर करून म्हणाली, “बाई, सातव्या प्रश्नात २५ दोनदा आहे. दोन्ही बरोबर का?” तिच्या पेपरात खरेदी १०० रुपये आली होती. खरेदी १०० असली की रुपयांतला नफा आणि शेकडा नफा एकच. त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना द्यावे लागले. तेव्हापासून साच्यात अट आहे : क कधीही १०० नको. आणि सगळ्याच साच्यांना सरसकट दुसरी : चारही पर्याय एकमेकांपेक्षा वेगळे आहेत का ते तपास, नसतील तर तो प्रश्न टाकून दे.

पुढची अडचण मला नंतर कळली. बरोबर उत्तर आणि “विक्रीवर काढलेला नफा” हा पर्याय, दोन्ही पूर्णांक असावेत असे वाटले म्हणून मी तशी अट घातली. मग यंत्र जो प्रश्न काढे त्याचे उत्तर २५ च येई. कागदावर मांडून पाहिले तेव्हा कारण सापडले : शंभराच्या आतली फक्त २५ ही एकच पूर्णांक टक्केवारी अशी आहे, जिथे विक्रीवरचा नफाही पूर्णांक येतो. ती अट काढली तर उलटे होते. २० बरोबर असताना चुकीचा पर्याय १६⅔ येतो, चार पर्यायांत तो एकटाच अपूर्णांक दिसतो आणि मुले तो न वाचताच सोडून देतात. शेवटी मी मिश्रण केले. कधी २५ बरोबर आणि २० चूक, कधी २० बरोबर आणि १६⅔ चूक, तर कधी ३३⅓ बरोबर आणि २५ चूक (खरेदी ६००, विक्री ८००). अपूर्णांक दिसला म्हणजे चूकच, असा अंदाज मग बांधता येत नाही.

एका साच्यामागे इतका वेळ जातो. माझा पहिला साचा पुरा व्हायला आठवडा लागला होता. आता तासाभरात होतो.

चुकीचे पर्याय यंत्राला कसे सुचतात?

ते यंत्राला सुचत नाहीत, सुचवावे लागतात. या सगळ्या कामातला मौल्यवान भाग कोणता असे विचारलेत तर मी हाच सांगेन.

बरोबर उत्तराच्या आजूबाजूचे आकडे उचलून पर्याय करणारी सॉफ्टवेअर भरपूर आहेत : उत्तर २५ असेल तर २४, २६, २७. त्यांतून काहीच कळत नाही. चुकलेल्या मुलाने २६ निवडले म्हणजे त्याला काय समजले नाही? उलट वरच्या प्रश्नात २० निवडणारे मूल मला स्पष्ट सांगते आहे की नफा कशावर मोजायचा तिथे त्याचा गोंधळ आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचे ते ठरून जाते.

म्हणून मी चुकांची एक वही ठेवते. उत्तरपत्रिका तपासताना एकच चूक तिसऱ्यांदा दिसली की ती वहीत उतरते, शेजारी वर्ग आणि घटक. ½ + ⅓ = ⅖ (अंशांची बेरीज, छेदांची बेरीज). (क + ख)² = क² + ख². ऋण संख्येतून ऋण संख्या वजा करताना उत्तर नेहमी ऋणच धरणे. ०.१२ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण १२ हे ५ पेक्षा मोठे. यातली प्रत्येक ओळ म्हणजे चुकीचा पर्याय काढण्याचे तयार सूत्र आहे. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाकडे अशा शेकडो चुका डोक्यात असतात, आणि तो निवृत्त झाला की त्या त्याच्याबरोबर जातात. फार वाईट वाटते मला याचे. तुमच्या शाळेत असे कोणी सर किंवा बाई असतील तर सॉफ्टवेअर शोधण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.

मराठीत साचे लिहिताना काय अडते?

इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणीला वस्तूचे नाव बदलले की पुरते. आपल्याला पुरत नाही. दुकानदाराने पंखा घेतला, सायकल घेतली, घड्याळ घेतले. वस्तू बदलली की क्रियापद बदलते, पुढच्या वाक्यातले “तो/ती/ते” बदलते, आणि अनेकवचनात पंखे घेतले, सायकली घेतल्या, घड्याळे घेतली. वस्तूंची यादी म्हणजे नुसती नावे लिहून भागत नाही. प्रत्येक नावापुढे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप यांचे रकाने हवेत.

सामान्यरूपाचा रकाना तर गावांच्या नावांना हवाच. काळ-काम-वेगाच्या साच्यात “[गाव]हून निघालेली एसटी” असे लिहून मी मोकळी झाले होते. नाशिकहून, कोल्हापूरहून, रत्नागिरीहून ठीक निघाले. मग आले “साताराहून” आणि “पुणेहून”. मुले खिदळली, आणि त्यात त्यांचे काय चुकले? आता यादीत गावाशेजारी त्याचे रूप लिहिलेले असते : साताऱ्याहून, पुण्याहून, ठाण्याहून. व्याकरणाचा नियम यंत्राला शिकवत बसू नका. रकाना भरा. तीस गावांना दहा मिनिटे लागतात.

मापांचेही तसेच. “२.५ किलो साखर” असे आपल्याकडे कोणी बोलत नाही, अडीच किलो म्हणतात. आणि साडे हा शब्द तीनपासून पुढे चालतो. दीड आणि अडीच यांना स्वतःची नावे आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, पावणेदोन यांचा एक छोटा तक्ता करून ठेवा. संख्या अक्षरी लिहायच्या असतील तर शंभरपर्यंतची पूर्ण यादीच लागते, कारण नियम टिकत नाही : एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, आणि नंतर एकदम नव्व्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या एकवीस, बावीसऐवजी “वीस एक, वीस दोन” अशा संख्यावाचनावरून केवढी चर्चा झाली होती. यंत्राला प्रश्न वाचता यावा म्हणून धडपडणाऱ्याला त्या चर्चेतल्या दोन्ही बाजू पटतात.

शेवटची गोष्ट, भाषेइतकीच महत्त्वाची : आकडे खरे वाटले पाहिजेत. आईचे वय १४ आणि मुलीचे ९, तूरडाळ ७ रुपये किलो, ताशी ३०० किलोमीटर धावणारी एसटी. सूत्राला हे चालते, मुलांना नाही. प्रत्येक रिकाम्या जागेला “कमीत कमी” आणि “जास्तीत जास्त” ठरवून द्या. आणि नावांच्या यादीत तुमच्या वर्गात बसतात ती सगळी नावे येऊ द्या. सलमा, जॉन, भीमराव, पूजा यांनी आपले नाव कधीतरी पेपरात वाचलेले असावे.

वर्गसमीकरणासारख्या प्रश्नांत उत्तर वेडेवाकडे येते. काय करावे?

उत्तरापासून मागे या. सहगुणक आधी निवडलेत तर दहापैकी बहुतेक समीकरणांना अवयव पडत नाहीत. मुळे आधी निवडा. ३ आणि −५ घेतली की (क्ष − ३)(क्ष + ५) = ०, म्हणजे क्ष² + २क्ष − १५ = ०. काटकोन त्रिकोणासाठी दहावीच्या पुस्तकातलेच सूत्र वापरा : म² − न², २मन, म² + न². म = ४, न = १ धरले तर १५, ८, १७. पुस्तकात मुलांसाठी दिलेले हे सूत्र खरे तर प्रश्न काढणाऱ्याच्या जास्त उपयोगाचे आहे.

एकाच साच्यातले प्रश्न सारखेच अवघड असतात ना?

असतातच असे नाही. ३८९ − १७८ आणि ३०२ − १७८ बघा. साचा एकच : तीन अंकी संख्येतून तीन अंकी संख्या वजा करणे. पहिल्यात एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. दुसऱ्यात एककाला हातचा हवा, दशकात शून्य, म्हणून शतकाकडे जावे लागते. एका मुलाला पहिले आणि शेजारच्याला दुसरे दिले तर तो अन्याय आहे. साच्याचे तीन पोटसाचे करा : बिनहातच्याची, एका हातच्याची, शून्य ओलांडणारी. मग सगळ्यांना एकाच पोटसाच्यातले प्रश्न मिळतील.

पेपर जुळवताना यंत्र नक्की काय करते?

पेढीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे ते १ किंवा ० लिहिते. १ म्हणजे पेपरात घेतला, ० म्हणजे नाही. आणि तुमच्या सगळ्या अटी बेरजा म्हणून मांडते : निवडलेल्यांचे गुण मिळून ४०, संभाव्यतेचे गुण इतके, सोपे-मध्यम-कठीण यांचे प्रमाण असे, गेल्या वर्षीच्या पेपरातला एकही नको. या अटी पाळणारी १ आणि ० ची मांडणी ते शोधते.

“एकेक प्रश्न चिठ्ठी काढून घेतला तर काय बिघडले?” असे एका सरांनी विचारले होते. करून बघा. शेवटच्या तीन-चार प्रश्नांना गाडी अडते. सांख्यिकीचा ३ गुणांचा प्रश्न बाकी आहे आणि जागा उरली आहे २ गुणांची. मग मागे जाऊन काहीतरी काढा, त्याने दुसरीच अट मोडते. शंभर प्रश्नांतून दहा निवडायचे १७ लाख कोटींहून जास्त मार्ग आहेत. हाताने चाचपडत बसण्याचे ते काम नव्हे. छोट्या पेढीला एक्सेलमधला सॉल्व्हर पुरतो. त्यात २०० प्रश्नांपर्यंत अशी ०-१ ची निवड करता येते. पेढी मोठी असेल तर पायथन या संगणकभाषेत मोफत साधने आहेत.

एक अट सांगायची हमखास राहते. एका प्रश्नात “चौकोनाच्या कोनांच्या मापांची बेरीज ३६०° असते, हे वापरून क्ष काढा” आणि दुसऱ्यात “चौकोनाच्या कोनांच्या मापांची बेरीज किती?” वेगवेगळे दोन्ही चांगले. एकत्र आले की पहिला दुसऱ्याचे उत्तर सांगतो. अशा जोड्या पेढीत खूण करून ठेवा आणि “यांतला जास्तीत जास्त एक” अशी अट घाला. हाताने पेपर काढणाऱ्याच्या हे नजरेत येते. यंत्राला सांगितल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या परीक्षांत यापुढे आणखी बरेच असते. जेईई मेन किंवा एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होतात आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कितीही जपले तरी पेपरांचे काठिण्य थोडे मागेपुढे होते, म्हणून तिथे गुणांऐवजी त्या त्या सत्रातला पर्सेंटाइल काढतात, म्हणजे आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे शेकडा किती ते. आपल्या घटक चाचणीला त्याची गरज नाही.

“कोणतेही दोन सोडवा” अशा प्रश्नांचे काय?

दहावीच्या गणित भाग १ च्या पेपरात हे जागोजागी आहे. ३ गुणांच्या उपप्रश्नांत चारांपैकी दोन, ४ गुणांच्यात तिनांपैकी दोन. इथे दिलेले पर्याय एकमेकांच्या तोडीचे असले पाहिजेत. तीनपैकी एक फार सोपा असेल तर तो सगळे घेतील आणि तुमचा संविधान तक्ता कागदावरच राहील. यंत्राला अट द्या की एका गटातल्या प्रश्नांचे काठिण्य एकाच पातळीचे हवे, घटक मात्र वेगवेगळे. सगळे पर्याय वर्गसमीकरणांवरचे दिले तर त्या घटकाला घाबरणाऱ्या मुलाला निवड मिळालीच नाही.

चौकटी पूर्ण करायच्या कृतींचे साचे फार छान होतात. उकल पायरीपायरीने आधीच सूत्रात असते, त्यातल्या कोणत्या पायऱ्या झाकायच्या तेवढे ठरवायचे.

चार संच काढले की कॉपी थांबते?

कमी होते. नुसता प्रश्नांचा क्रम बदलून फारसे साधत नाही, आकडे बदलून साधते. पर्यायांचा क्रम बदलणार असाल तर “वरीलपैकी सर्व” आणि “वरीलपैकी एकही नाही” हे शेवटी पक्के बांधा, नाहीतर “वरीलपैकी सर्व” पहिल्या जागी येऊन बसते. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमानेच ठेवावेत. आणि प्रत्येक संचाची उत्तरसूची संचाबरोबरच छापून घ्या, नंतर जुळवू म्हटले की घोळ झालाच.

चॅटजीपीटीला सांगितले तर ते प्रश्न काढून देते. मग साचे कशाला?

मीही वापरते, पण ठरावीक कामांना. प्रसंग सुचवायला ते उत्तम. शेकडेवारीवर दुकान सोडून दुसरे काय घेता येईल असे विचारले की धरणातला पाणीसाठा, मतदान, दुधातले स्निग्धांश असे दहा प्रसंग मिळतात. त्यांतला एक उचलून साचा मी लिहिते.

तयार प्रश्न जसेच्या तसे घेत नाही. एक उदाहरण देते. महाराष्ट्राच्या भूगोलावर प्रश्न मागितला, तर असा मिळतो : “महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? कळसूबाई, साल्हेर, महाबळेश्वर, माथेरान.” उत्तर बरोबर आहे, कळसूबाई, १,६४६ मीटर. पण माथेरान हे थंड हवेचे ठिकाण. शिखरांच्या रांगेत ते उभेच राहत नाही, ज्याला काही येत नाही तोही ते खोडतो. शिवाय बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांब आणि नेमक्या शब्दांत लिहिण्याची खोड या साधनांना आहे. मुले ती दोन चाचण्यांत ओळखतात. आणि मराठी बऱ्याचदा भाषांतराची असते. वाक्य तीनदा वाचून कळते. चाचणी गणिताची आहे, वाक्य उलगडण्याची नाही.

सगळ्यात मोठा फरक : साच्यात उत्तर सूत्राने येते, म्हणून साचा एकदा तपासला की त्यातून निघणारे हजार प्रश्न तपासल्यासारखे होतात. भाषेच्या साधनाने दिलेला प्रत्येक प्रश्न वेगळा तपासावा लागतो, उत्तरासकट. आणि व्हायच्या परीक्षेचा पेपर बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर टाकू नये, हे वेगळे सांगायला नको.

गणित सोडून इतर विषयांना हे चालते का?

विज्ञानातल्या उदाहरणांना थेट चालते : ओहमचा नियम, घनता, भिंगाचे सूत्र. मराठीच्या व्याकरणाला शब्दांच्या याद्या लागतात. गाळलेल्या शब्दांची चाचणी विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली. उताऱ्यातला ठरावीक अंतराने एकेक शब्द गाळायचा. मराठीत मला याहून उपयोगी वाटते ते प्रत्यय गाळणे : “पूजा आजी___ गावाला गेली.” अख्खा शब्द गाळला तर शब्दही गेला आणि विभक्तीही, मग मूल नक्की कुठे अडले ते समजत नाही.

इतिहासाला मी नाही म्हणेन. घटना आणि सनावळीचा तक्ता देऊन यंत्र हवे तितके “कोणत्या वर्षी” विचारेल. तेवढ्यावर इतिहासाची चाचणी उभी करू नये. कारणे, परिणाम, एखाद्या साधनाचा विश्वासार्हपणा हे शिक्षकानेच लिहावे आणि पेढीत घालावे. जुळवणीला यंत्र आहेच.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. कशाने सुरुवात करू?

एक्सेल आणि वर्डच्या मेल मर्जने, म्हणजे यादीतली एकेक ओळ साच्यात भरण्याच्या सोयीने. एक्सेलच्या एका ओळीत एक प्रश्न : वस्तू, खरेदी, विक्री, उत्तर, तीन चुकीचे पर्याय. आकडे रँडबिटविन या सूत्राने येतात. ते दोन मर्यादांमधला कोणताही आकडा देते. वर्डमध्ये साचा लिहायचा आणि मर्ज करायचे.

एक सावधगिरी मी स्वतः पोळल्यावर शिकले. रँडबिटविनचे आकडे तुम्ही पत्रकात काहीही बदललेत की पुन्हा नवे येतात. मी पेपर छापले, मग उत्तरसूची छापायला तेच पत्रक उघडले आणि सगळी उत्तरे दुसऱ्याच प्रश्नांची निघाली. साठ उत्तरपत्रिका हाताने सोडवून तपासल्या. आकडे एकदा आले की कॉपी करून “फक्त किंमती” म्हणून चिकटवा, मगच पुढे जा.

त्यापुढे मूडल, ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्या चालवण्याची प्रणाली. ते मोफत आहे, त्यात आकडे बदलणारा प्रश्नप्रकार आहे आणि एखाद्या गटातून कोणताही प्रश्न उचलण्याची सोयही. त्याला स्टॅक हे जोडसाधन लावले तर मुलांनी लिहिलेली बैजिक राशीही तपासता येते, म्हणजे २(क्ष + ३) आणि २क्ष + ६ दोन्ही बरोबर धरले जातात. छापील पेपरच हवे असतील आणि थोडे प्रोग्रॅमिंग शिकायची तयारी असेल तर आर या संगणकभाषेवर चालणारे आर-एक्झाम्स बघा.

आमचे जुने पेपर श्रीलिपीत आहेत, ते वाया जाणार का?

नाही, पण श्रीलिपी हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट, म्हणून ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणावे लागतील. परिवर्तक मिळतात. जोडाक्षरे, रफार आणि गणिती चिन्हे हाताने तपासा, कारण तिथेच ते चुकतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल एक्सेलमध्ये उघडून मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसली तर घाबरू नका. ती “यूटीएफ-८” म्हणून आयात करा.

प्रश्न चांगला निघाला की नाही हे कसे कळते?

मुलांनी सोडवल्यावरच. साठ मुलांच्या वर्गात ३९ जणांचे बरोबर आले तर सुलभता ०.६५. मग एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुले घ्या, म्हणजे साठात सोळा-सोळा. वरच्या सोळांत १४ बरोबर, खालच्यांत ५. फरक ९, भागिले १६, म्हणजे ०.५६. हा प्रश्न अभ्यास केलेल्यांना आणि न केलेल्यांना चांगला वेगळा करतो. हा आकडा ऋण आला, म्हणजे हुशार मुले चुकली आणि बाकीच्यांचे बरोबर आले, तर मुलांना बोलू नका. आधी उत्तरसूची पाहा, मग प्रश्नाला दुसरे बरोबर उत्तर निघते का ते पाहा. दरवेळी दोन्हींपैकी एक सापडते, असा माझा अनुभव आहे.

आणि एकाही मुलाने न निवडलेला पर्याय पुढच्या वेळी काढून टाका.

एकदा केलेली पेढी किती वर्षे टिकते?

भूमितीची बरीच. अर्थनियोजनाची नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ उरले. माझ्या साच्यात चार दरांची यादी होती. सहामाहीच्या आधी ती बदलली नसती तर मुलांनी बाजारात नसलेल्या दराची बिले सोडवली असती. पुस्तकातले दर आणि चालू दर वेगळे असतील तेव्हा दर प्रश्नातच लिहून द्यावा. दरवर्षी जूनमध्ये एक दुपार पेढी चाळायला ठेवा : दर, भाव, अभ्यासक्रम.

पेढी मुलांना सरावासाठी खुली करावी का?

साच्यांतून निघणारे प्रश्न असतील तर जरूर. प्रश्न फुटण्याची भीती उरत नाही, कारण चाचणीत आकडे नवे येणार. आणि सरावाच्या प्रश्नाखाली चुकीच्या पर्यायाची ओळ दाखवता येते : “तुम्ही नफा विक्रीवर काढलात. खरेदीवर काढून बघा.”

आमच्या शाळेत संगणक कक्ष आठवड्यातून दोनदा मिळतो, म्हणून मी कागदावर काढून देते, एका कागदावर दहा. पाचवीतला एक मुलगा वजाबाकीत मागे होता. शून्य ओलांडणाऱ्या वजाबाकीचा पहिला कागद त्याने दहापैकी दोन बरोबर असा परत आणला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “बाई, याच्यातलेच अजून द्या, पण आकडे वेगळे.” त्या महिन्यात त्याने सहा कागद नेले. मी दर वेळी फक्त छापायची कळ दाबत होते.